आशाताईला त्या घरी पाठवू का?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या एका उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथून, यादी आली, यादीत त्यांच्या हद्दीतल्या एका पाड्यावरचा माणूस आहे, तीन महिने झाले गोळ्या न्यायला गेलेला नाही. तर गावच्या आशाताईला त्याच्या घरी पाठवू का, असं त्या विचारतायत. आणि दुसरं म्हणजे गरोदर बायका एचआयव्हीच्या टेस्टला नको म्हणतात, त्यांचं काय करू.

पहिल्याचं उत्तर आधी देते. नका पाठवू. निदान एवढ्यात तरी नको.

मी 2010 ला लिंक वर्कर, म्हणजे गावोगाव फिरून एचआयव्हीचं काम करणारी कार्यकर्ती, म्हणून लागले, दिंडोरी-निफाडकडची गावं होती माझ्याकडे, मग ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, समुपदेशक झाले, आणि आता पेठ-सुरगाण्याकडच्या आशा आणि सिस्टरांना ट्रेनिंग देते. तेव्हा जे सांगतेय त्यातलं अर्धं माझ्या चुकांमधून आलेलं आहे, पुस्तकातलं नाही.

आशाताई वाईट असते म्हणून नको म्हणत नाहीये मी. ती गावातलीच असते हीच तिची ताकद आणि तोच घोळ. पाड्यावर चाळीस घरं, त्यातली निम्मी भावकी, म्हणजे तुमची आशा ही त्या माणसाची चुलत वहिनी नाहीतर बायकोची मावशी निघण्याची शक्यता भरपूर, आणि त्याने बायको सोडून घरात कोणाला सांगितलेलंच नसेल तर तुम्ही एका फोनने त्याची गोष्ट भावकीत नेऊन ठेवली. ती कोणाला बोलणार नाही, मान्य, पण तिला कळलंय हे त्याला कळलं की तो एआरटी सेंटर काय, उपकेंद्राच्या रस्त्यालाही फिरकणार नाही. म्हणून आधी एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला फोन करा आणि विचारा, नाव नोंदवताना घरी भेट द्यायला याने हो म्हटलं होतं का, कोणाचा नंबर दिला होता, घरात कोणाला माहिती आहे. हे सगळं त्यांच्या कार्डावर असतं. आशाने आलेलं चालेल असं त्याने स्वतः सांगितलं असेल तर पाठवा, पण हो त्याच्या तोंडचा पाहिजे, आपल्या सोयीचा नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्सचा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात सरळ लिहिलंय की संमतीशिवाय कोणाचं स्टेटस दुसऱ्याला सांगता येत नाही. जोडीदाराला सांगायची जी वाट कायद्यात ठेवलीये ती डॉक्टर आणि समुपदेशकापुरती आहे, तीही अटी घालून, आशाने किंवा तुम्ही परस्पर सांगायचं नाही.

माझी चूक सांगते म्हणजे लक्षात राहील. पहिल्याच वर्षी आम्हाला कापडी पिशव्या मिळाल्या होत्या, पांढऱ्या, त्यावर लाल रिबन आणि खाली ठळक अक्षरात एड्सचं घोषवाक्य. मला त्या पिशवीचा काय अभिमान! खांद्याला लटकवून मी एका बाईच्या घरी गेले, ओट्यावर बसले, चहा घेतला, पंधरा मिनिटं बोलले आणि निघाले. शेजारची पोरगी सातवीत होती, तिने पिशवीवरचं मोठ्याने वाचून दाखवलं आजीला, नुसतं वाचता येतंय म्हणून. पुढच्या महिन्यात गेले तर घराला कुलूप. गुजरातला भावाकडे गेली म्हणाले. ती परत कुठल्या सेंटरला लागली की नाही ते मला आजतागायत माहीत नाही. पिशवी मी त्याच दिवशी उलटी शिवली, पण त्याचा आता काय उपयोग.

तर पिशवी साधी, गळ्यातलं ओळखपत्र आत, आणि गाडी त्याच्या दारात लावायची नाही.

आता तुमच्या माणसाकडे येऊ. तीन महिने गेला नाही म्हणताय, पण कुठले तीन महिने? भात-नागली काढून झाली की सुरगाणा-पेठची अर्धी माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, डिपिंग, थिनिंग, मग काढणी, कोणी गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभी राहतात, कोणी टोळीने एकाच बागायतदाराकडे शेडमध्ये राहतात, आणि शिमग्याला घरी येतात. यादीत त्याच्यापुढे ‘गैरहजर’ लिहिलेलं असतं, आणि हा बाबा घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर कोणाच्या तरी बागेत औषधाच्या डब्यात घड बुडवत असतो. मी तुम्हाला सांगते, माझ्याकडे आलेल्या अशा याद्यांमधली बरीच माणसं ‘गोळ्या सोडल्या’ या प्रकारातली नव्हतीच, ती कामाला गेलेली होती, आणि रोजंदारी बुडवून सेंटरला यायला त्यांना परवडत नव्हतं. मुकादम एक दिवस सोडेलही, पण कशाला जातो ते विचारणार ना.

म्हणून आधी तो गावात आहे का एवढंच काढा, तेही बीपी-शुगरच्या सर्व्हेच्या ओघात. तुमच्याकडे सीएचओ म्हणून ही फार मोठी सोय आहे जी आम्हाला लिंक वर्करला नव्हती. तीस वर्षांपुढच्यांची ती तपासणी तुम्हाला करायचीच असते, तेव्हा बीपीचं मशीन घ्या आणि त्याच्या ओळीतली पाच घरं करा, त्याचं घर तिसरं. पहिलं नको, शेवटचं तर नकोच, आणि पाचही घरात सारखाच वेळ बसा. हे वाचायला नाटकी वाटतं पण पाड्यावर लोक बघत असतात की मॅडम कुठे किती वेळ बसली.

खोटी कारणं मात्र सांगू नका. मी एकदा शहाणपणा करून ‘घरकुलाच्या माहितीसाठी आलेय’ म्हणाले, तर दहा मिनिटांत अख्खा पाडा आधार कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक घेऊन माझ्याभोवती, एक आजोबा तर पडकी भिंत दाखवायला हात धरून घेऊन गेले. ज्याच्यासाठी गेले होते तो लांबून हसत उभा. त्या दिवशी गोळ्यांचं बोलणं झालंच नाही.

फोनवरही जपून. घरात एकच फोन, तो पोराच्या हातात, आणि स्पीकरवर. ‘एआरटी सेंटरवरून बोलतेय’ म्हणालात की संपलं. पहिल्या भेटीतच ठरवून घ्यायचं की मी कोण म्हणून बोलू. एकाने मला सांगितलं होतं, ‘नर्सरीवाल्या ताई’ म्हणा, कारण तो खरंच मिरचीची रोपं आणायचा, त्याच्या घरात मी अजून नर्सरीवाली ताई आहे.

भेटला की ओरडायचं नाही. ‘का नाही गेलास’ हा प्रश्नच विचारू नका, त्याचं उत्तर ‘जातो उद्या’ हेच येतं. ‘गोळ्या किती उरल्यात’ असं विचारा. मग तो डबा काढेल किंवा नाही काढणार, त्यावरून तुम्हाला कळतंच. डब्यावरून आठवलं, टीएलडीचा, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या एकत्रित गोळीचा, जो प्लास्टिकचा डबा असतो ना तीस गोळ्यांचा, तो खुळखुळतो. आपल्याला काही वाटत नाही, पण एसटीत, शेडमध्ये, सासूच्या खोलीच्या पलीकडे तो खुळखुळाट म्हणजे दवंडी असते. एक बाई त्या गोळ्या कागदात बांधून नागलीच्या पिठात ठेवायची, पावसाळ्यात त्या गोळ्या दमट होऊन फुगलेल्या मी बघितल्यात. गोळ्या मूळ डब्यातच राहू द्यायला सांगा, आतली ती छोटी ओल शोषणारी पुडीही काढायची नाही, फक्त वर कापसाचा बोळा घालायचा की आवाज बंद. लेबल खरवडलं तरी चालेल पण तारीख दिसली पाहिजे. एवढ्याशा कापसाने किती जणांच्या गोळ्या चालू राहिल्यात ते मलाच माहीत.

कारणं काय निघतात? एक तर ‘मला आता काही होत नाही’. दुसरं, दारू, आणि पिऊन गोळी घेतली तर विष होतं असं कोणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून पठ्ठ्या गोळी सोडतो आणि दारू ठेवतो. तिसरं, भगत. भगताशी भांडू नका, त्याचा अंगारा घे पण गोळी पण घे, एवढंच म्हणा, मी तर दोन भगतांना टीबीची लक्षणं शिकवलीयेत आणि ते पेशंट पाठवतात. आणि जुन्या लोकांच्या डोक्यात एक फार पक्कं बसलंय, की सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, कमी झाल्यावरच गोळ्या लागतात. यात त्यांची चूक नाही, आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं तसं सांगितलं. 2004 च्या एप्रिलपासून सरकारी गोळ्या मोफत सुरू झाल्या पण तेव्हा सीडी फोरची मर्यादा होती, ती वाढत वाढत गेली आणि 2017 पासून सीडी फोर कितीही असो, निदान झालं की गोळ्या, असं झालं. त्यामुळे ज्याला 2009-10 मध्ये ‘तुला अजून गरज नाही’ म्हणून परत पाठवलं होतं त्याला आता ‘एक दिवसही चुकवू नको’ म्हटलं तर तो तुमच्याकडे संशयानेच बघणार. तेव्हा त्याला सांगा की तेव्हाचे नियम वेगळे होते, आता गोळ्या पण वेगळ्या आहेत, पूर्वीसारखं दिवसातून दोनदा नाही, चक्कर आणि रात्रीची भलती स्वप्नं सहसा नाहीत, दिवसाला एक गोळी. आणि नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये दिसेनासा झाला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे तर जरूर सांगा, नवराबायकोत यासारखं दुसरं औषध नाही.

भाड्याचं विचारा. सुरगाण्याहून नाशिक म्हणजे जायचं-यायचं मिळून अख्खा दिवस. एचआयव्ही बाधितांना एसटीत सवलत आहे, पण ती घ्यायची तर कार्ड कंडक्टरला दाखवायचं, आणि कंडक्टर त्याच रूटचा, मागच्या सीटवर गावातलाच कोणी. माझे बहुतेक पेशंट पूर्ण तिकीट काढतात. संजय गांधी निराधार योजनेतही ते बसतात, तिथेही कागद तलाठ्याच्या टेबलावरून जातो. सवलती चांगल्या आहेत हो, पण त्या घ्यायला जे दाखवावं लागतं तेच तर लपवायचंय.

म्हणून मी नेहमी म्हणते, सेंटर जवळ आणता येत नसेल तर फेऱ्या कमी करा. पेशंट स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी समुपदेशकाशी बोलून ते करून घ्या, किंवा जिथे कामाला जातो तिथल्या जवळच्या लिंक एआरटीला, म्हणजे सेंटरच्या छोट्या शाखेला, जोडून द्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही गोळ्या घरपोच केल्या, पोलिसांचा पास काढून सावळघाट चढून गेलो, तेव्हा सगळ्यांना पटलं की हे होऊ शकतं, मग पुढे हळूहळू विसरले. आफ्रिकेत मोझांबिकमध्ये टेटे प्रांतात 2008 पासून सहा-सहा पेशंटचे गट केले, दर महिन्याला गटातल्या एकाने जायचं आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या, म्हणजे प्रत्येकाची वारी सहा महिन्यांनी. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्याकडे सहा जणांना एकमेकांचं कळलं तर संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळेल. पण नंतर बघितलं की सेंटरच्या रांगेत ओळख झालेले दोघं, वेगवेगळ्या पाड्यांवरचे, सेंटरला सांगून आपसात पाळी लावून गोळ्या नेतात. गट आपण करायला गेलो तर फसतो, त्यांचा त्यांनी केला तर चालतो, फक्त तुम्ही मध्ये पडून त्याला ‘उपक्रम’ करू नका.

परत गोळ्या सुरू कशा करायच्या ते एआरटीचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त दोन गोष्टी बघा, वजन आणि टीबीची चार लक्षणं, खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. यातलं एकही असेल तर तसंच सांगून पाठवा, कारण टीबीचं औषध सुरू झालं तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे टीएलडीतल्या डोल्युटेग्रॅव्हिर या मुख्य औषधाचा असर कमी होतो आणि टीएलडीनंतर बारा तासांनी त्याची एक जादा गोळी द्यावी लागते, हे गावातल्या कोणाला माहीत नसतं आणि टीबीच्या गोळ्या मात्र गावातच मिळतात.

आता बायकांचं.

नको म्हणतात म्हणजे काय म्हणतात ते नीट ऐका. ‘नवऱ्याला विचारून सांगते’ म्हणतात ना? त्यांना टोचण्याची भीती नाही, हिमोग्लोबिनला बोट देतातच की. भीती आहे ती रिझल्ट कळतो कसा याची. मी एका लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बघितलं, बारा बायका ओळीने बसलेल्या, सिस्टर एकेकीचं कार्ड परत देत होती, ‘तू जा, तू जा, तू जा, तू थांब.’ झालं! ‘तू थांब’ म्हणजे काय हे सांगायला कोणी डॉक्टर लागत नाही. त्या बाईला खरंतर फक्त वजनासाठी थांबवलं होतं. पण पुढच्या महिन्यात टेस्टला एकही बाई बसली नाही.

तर प्रत्येकीला आत एकटीला बोलवा, प्रत्येकीला तेवढाच वेळ, आणि प्रत्येकीला काहीतरी हातात देऊन बाहेर पाठवा, आयर्नच्या गोळ्या असतातच. आधी सगळ्यांना एकत्र सांगायचं की गरोदरपणातल्या बाकीच्या तपासण्यांसारखीच ही एक, मग आत एकेकीला विचारायचं. नाही म्हणाली तर नाही, पुढच्या भेटीला परत विचारा, रजिस्टरमध्ये रागाने काही लिहू नका. आणि उपकेंद्रावरच्या किटला दोन रेषा आल्या तर त्याला पॉझिटिव्ह म्हणायचं नाही, तोंडातून तो शब्दच काढायचा नाही, ही फक्त पहिली चाळणी आहे. आयसीटीसीला वेगवेगळ्या किटवर तीन टेस्ट झाल्याशिवाय निदान होत नाही. ‘ही तपासणी मोठ्या दवाखान्यात परत करायला लागेल, मी येते तुमच्याबरोबर’, बस. आणि खरंच जा बरोबर. चिठ्ठी देऊन पाठवलेली बाई घाट उतरत नाही, हा माझा अनुभव आहे. किट पण जपा, 30 डिग्रीच्या वर ठेवायचं नसतं आणि आपल्या उपकेंद्रांच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये काय होतं ते तुम्ही बघालच.

निदान पक्कं झालं आणि गोळ्या सुरू झाल्या की मग इथे आशाताई लागते, त्या बाईची परवानगी घेऊन. कारण आता जे बिघडतं ते गोळ्यांच्या वेळेत बिघडतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गरोदर बाईला आपण आयर्न देतो, कॅल्शियम दिवसातून दोनदा देतो, आणि तिकडे तिला टीएलडी चालू आहे. आयर्न आणि कॅल्शियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच अडकवतात, ते अंगात नीट उतरतच नाही. नियम असा की टीएलडी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर मग सगळं भरल्या पोटी जेवणाबरोबर. हे असं सांगितलं तर कोणी पाळत नाही. मी असं सांगते: सकाळी चूल पेटवायच्या आधी टीएलडी, त्यानंतर नऊ-दहाला भाकरीबरोबर कॅल्शियम, दुपारी वावरात आयर्न, रात्री जेवताना दुसरं कॅल्शियम. चुलीची वेळ चुकत नाही म्हणून गोळीची चुकत नाही. जिला आधीपासून रात्रीची सवय आहे तिचं कॅल्शियम-आयर्न दुपारी तीन-चारच्या आत संपलं पाहिजे. नाहीतर काय होतं, बाई सांगते सगळ्या गोळ्या घेते, खरंच घेते, आणि व्हायरल लोड मात्र खाली येत नाही, आणि मग आपण तिलाच खोटं पाडतो.

बाळ झाल्यावर तर आशाला त्या घरात जायला कारणच शोधायला लागत नाही. नवजात बाळाच्या भेटी तिला सगळ्याच घरी असतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींमध्ये बाळाला आईकडून लागण होऊ नये म्हणून दिलेलं नेव्हिरॅपिनचं सिरप रोज जातंय का, आणि बाळाला वरचं काही देतायत का हे बघायचं. अंगावर पाजायचं तर सहा महिने फक्त अंगावरचं, मध नाही, गुटी नाही, शेळीचं दूध नाही, सासूला हे पटवणं सगळ्यात अवघड. तिथे एचआयव्हीचं नाव काढायची गरजच नाही, सगळ्याच बाळांना आपण हेच सांगतो. आणि बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे, त्याच सुमारास दीड महिन्याची लस असते आणि त्याच सुमारास बाळाची पहिली एचआयव्ही तपासणी, टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात ती. लसीला नेतेय म्हणून आई घरातून निघू शकते, कोणी विचारत नाही. मी आशांना बाकी तक्ते-बिक्ते काही पाठ करायला लावत नाही, फक्त बेचाळीस. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दीड वर्षाला परत तपासण्या आहेत, त्यातली दीड वर्षाची बऱ्याचदा राहते कारण बाळ धडधाकट पळत असतं आणि आई-बाप द्राक्षाला गेलेले असतात, ती तारीख तुम्ही स्वतःच्या डायरीत लिहा. डायरीत नाव नाही हं, तारीख आणि तुम्हालाच कळेल अशी खूण. लाल पेनने गोल तर अजिबात नको, मी असं रजिस्टर बघितलंय आणि त्या गोलाचा अर्थ उपकेंद्र झाडणाऱ्या मावशीलासुद्धा माहीत होता.

तुमच्या माणसाचं म्हणाल तर आत्ता द्राक्षाचा सीझन चालू असेल आणि तो गावात नसेल तर पाड्यावर जास्त चौकशी करत बसू नका, समुपदेशकाला सांगा तो बाहेरगावी आहे म्हणून, त्यांच्याकडे त्याचा नंबर असेल तर तेच बोलतील. त्याला एखादी अडचण रात्री-अपरात्री विचारायची असेल तर एचआयव्हीची हेल्पलाइन 1097 फुकट आहे, तो नंबर त्याच्याकडे असू द्या. आणि शिमग्याच्या आदल्या आठवड्यात बीपीचं मशीन चार्ज करून ठेवा, तेव्हा तो घरी असणार.